अर्धी ओंजळ

राग आला की मी कपडे धुते. कुणी टाकून बोललं, कुणाशी वाजलं, की मी घरातले असतील नसतील तेवढे कपडे गोळा करते आणि दगडावर आपटत बसते. नवरा म्हणायचा, आपल्याकडचे कपडे वापरून विरत नाहीत, तुझ्या रागानं विरतात. तो हसण्यावारी न्यायचा. पण या खोडीनं मला एकदा जे दाखवलं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही. आता माझंच वय झालंय, गुडघे धरलेत, तेव्हा लिहून टाकते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. कोल्हारच्या अलीकडे, नगर-मनमाड रस्त्यापासून जरा आत, उसाच्या रानाला लागून एक वृद्धाश्रम होता. एक लांबलचक हॉल, त्यात दोन ओळीत खाटा, मागं स्वयंपाकघर आणि धुण्याचा दगड. म्हातारी माणसं बरीचशी आमच्या जामखेड बाजूची, कोरडवाहू भागातली. पोरं-सुना दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायची, जाताना म्हाताऱ्याला इथं सोडायची. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, काही जण न्यायला यायचे. काही नाही यायचे.

मी आया म्हणून लागले होते. काम मात्र सगळंच. आंघोळी, औषधं, भरवणं. भरवण्यात मी पटाईत आहे असं मला वाटायचं. चार पोरं वाढवली होती, त्यात काय शिकायचं? भाकरी दुधात कुस्करायची आणि घास द्यायचा. ठसका लागला तर पाठ चोळायची, टाळूवर थापट्या मारायच्या आणि म्हणायचं, वर बघा, वर बघा. सगळा मुलूख हेच करतो. माझ्या आईनं केलं, मी केलं.

मग मोठ्या दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा यायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं मला भरवताना पाहिलं आणि माझा हात धरला. म्हणाली, "ताई, वर बघा म्हणू नका. मान वर गेली की श्वासाची वाट उघडी पडते. मान खाली. हनुवटी छातीकडे."

मला राग आला. काल शाळेतून सुटलेली पोर मला भरवायला शिकवते! पण तिनं एका आजीच्या छातीला तिची ती नळी लावून मला ऐकवलं. आत घुर्रघुर्र वाजत होतं. म्हणाली, रोजचा थोडा थोडा घास इथं उतरतोय. लकवा झालेल्या माणसाचा गळा सुस्त होतो, घास कुठल्या नळीत जातोय ते त्याला कळत नाही. आणि सगळ्यात वाईट पाणी. घास बिचारा हळू जातो, पाणी पळत जातं. गळा दार लावीपर्यंत ते आत घुसलेलं असतं.

तेव्हापासून दूध-भाकरी बंद केली, कारण दूध एकीकडे आणि चोथा एकीकडे जातो. भात घोटून, ज्वारीची घट्ट आंबील, पातळ काहीच नाही. पाण्यात आरारूट शिजवून ते दाट करायचं आणि लहान चमच्यानं द्यायचं. पाठीमागं गादीची गुंडाळी लावून माणूस ताठ बसवायचा. एक घास दिला की गळ्याची घाटी बघायची. ती वर जाऊन खाली आली की पुढचा घास. जेवण झालं की बोटाला फडकं गुंडाळून गालफडात राहिलेलं काढायचं, आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. हॉलमध्ये असे ठसकणारे चौघं होते. मी त्यांच्या खाटांच्या पायाला लाल चिंधी बांधली. चिंधी दिसली की पाणी द्यायचं नाही, मग कुणी कितीही मागो. हे मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

त्या चौघांत मास्तर होते.

मास्तर खर्ड्याकडचे. आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलेलं. बायको वारलेली, एकच लेक, ती पारनेरकडं दिलेली. डावं अंग गेल्यावर लेकीनं जमेल तेवढं केलं, मग डोळे पुसत इथं आणून सोडलं. उजवा हात चांगला होता. जीभ जड झाली होती, पण बोलणं कळायचं. टोपी पांढरीशुभ्र लागायची, मळलेली टोपी मी घातली तर काढून ठेवायचे.

आणि एक गोष्ट. त्यांनी जन्मात कधी पाण्याच्या भांड्याला ओठ लावला नव्हता. तांब्या उचलायचा, मान मागं टाकायची, आणि वरून धार सोडायची. भांडं उष्टं होता कामा नये. आमच्याकडं पुष्कळ लोक असंच पितात, पण मास्तरांचं ते व्रतच होतं. आणि नेमकं तेच आता त्यांच्या जिवावरचं झालं होतं. मान वर, तोंड उघडं, आणि वरून पळतं पाणी.

मी त्यांच्यासमोर दाट पाणी धरलं की ते वाटीकडं बघायचे.

"हे पानी न्हाई. खळ हाय," म्हणायचे. "वह्यांना कागद चिकटवायला करायचो आमी."

"मग चिकटू द्या आतड्याला. तोंड उघडा."

उघडायचे. दोन चमचे घ्यायचे आणि मान फिरवायचे. चैत्र संपत आला होता, पत्र्याचं छप्पर तापायचं, आणि समोरच्या खाटेवरचा म्हातारा घटाघटा तांब्या रिकामा करायचा. मास्तर त्याच्या गळ्याकडं बघत बसायचे. मी मधे पडदा टांगला, तर म्हणाले, आवाज येतोच की. मी सगळे तांबे उचलून कपाटात कोंडले. मग त्यांनी एकदा तोंड धुवायच्या मगातलं पाणी वरून घेतलं आणि निळे पडेपर्यंत खोकले. त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले. पोरावर ओरडावं तशी. ते ऐकून घेत बसले, हनुवटीवरून पाणी गळत होतं. नंतर मला माझीच लाज वाटली, पण मी ती दाखवली नाही.

डॉक्टरीणबाईला मी म्हटलं, "यांची तहान काही भागत नाही. काय करू?"

ती म्हणाली, "तोंड आधी स्वच्छ धुवा, मग साधं पाणी घोट घोट देऊन बघा. पण मान खाली राहिली तरच. वर गेली तर बंद."

मी चमच्यानं दिलं. पाणी जिभेला लागलं की मास्तरांची मान आपोआप वर जायची. सत्तर वर्षांची सवय, मानेलाच ती पाठ झालेली. मी पेला आणला, कोरा करकरीत, त्यांच्या एकट्यासाठी. म्हटलं, हा तुमचाच, लावा ओठ. नाही लावला. "आता शेवटी शेवटी न्हाई व्हायचं," म्हणाले. चमचा ढकलला. "चमच्यानं पानी पाजतीस. मी काय चिमणीचं पिल्लू हाय?"

मला हसू आलं आणि डोक्यात तिडीकही गेली. मरा तहानलेले, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू.

मग ती दुपार आली. मी त्यांचं तोंड पुसत होते. हॉलमध्ये सगळे पेंगत होते. मास्तर हळूच म्हणाले, "बाई, ऐक. तांब्या न्हाई, पेला न्हाई. ओंजळीत वत."

"काय?"

"ओंजळीनं पिताना मान खालीच ऱ्हाते. बघ की. आन् भांडं बी उष्टं हुत न्हाई." त्यांनी उजवा हात पोटासमोर धरला, वाडग्यासारखा वाकवून. मग मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडं पाहिलं. "ह्यो मेलाय. एक हात माझा, एक तुझा लाव. वताय कुनाला तरी बोलीव."

मी त्या हाताकडं बघत राहिले, आणि मला माझी आई दिसली.

मी सात-आठ वर्षांची असेन. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची, मीही मागं. दुपारी पाणी मागायचं तर मालकाच्या अंगणाच्या कडेला उकिडवं बसायचं. मालकीण उभी राहून वरून पाणी ओतायची, तांब्या लांब धरून, म्हणजे शिंतोडा उलटा उडू नये. आई मान खाली घालून ओंजळीत तोंड बुडवायची. ओतणारीला घाई असली की धार नाकात जायची, आई ठसकायची, लुगडं भिजायचं. माझ्या ओंजळीत पाणी टिकायचं नाही, बोटांतून गळून जायचं, आणि दुसऱ्यांदा मागायची सोय नसायची. आम्ही बौद्ध झालो तेव्हा माझ्या बापानं घरात एक कायदा केला. पेल्याला ओठ लावूनच पाणी प्यायचं. कुणी वरून प्यायला लागलं की म्हणायचा, वरून कशाला पितो, हे आपलं घर हाय. माझ्या घरातही तोच कायदा. माझ्या पोरांनी ओंजळ पाहिलीच ती नळाखाली तोंड धुताना.

आणि आता हे म्हणत होते, हात लाव.

"आमच्या घरात ओंजळीनं कुणी पाणी पीत नाही, मास्तर," मी म्हटलं. "आणि पाजतबी नाही."

त्यांना समजलं. मी कुठली, कोण, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या हातचं अन्न त्यांनी कधी नाकारलं नव्हतं, हेही खरं. मग म्हणाले, "शाळंत रांजन हुता. पोरांना पानी मीच द्यायचो. वरनं. सगळ्यांना, बामनाच्या पोरालाबी वरनंच."

"आता सगळे असंच सांगतात," मी म्हटलं.

त्यांनी हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं.

ते खरं सांगत होते का, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. पण एक मला तिथंच, त्या क्षणाला कळलं होतं, की म्हाताऱ्यानं बरोबर उपाय काढलाय. ओंजळीनं पिणाऱ्याची मान वर जाऊच शकत नाही. डॉक्टरीणबाई एवढी शिकलेली, तिला सुचलं नव्हतं, मला सुचलं नव्हतं, ते तहानेनं त्यांना सुचलं होतं. मला कळलं, आणि मी फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि दुसऱ्या खाटेकडं गेले. म्हटलं, उद्या बघू. राग उतरल्यावर बघू.

उद्या आखिती होती, अक्षय्य तृतीया. आखितीला आपल्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तहानलेल्याला पाणी देतात. जवळचेच एक बागायतदार, त्यांचे वडील त्या वर्षी वारले होते. त्यांनी आश्रमाला नवे माठ द्यायचं ठरवलं होतं, आणि सगळ्यांना आपल्या हातानं थंडगार पाणी पाजायचं. सकाळी व्यवस्थापक साहेब हॉलमध्ये आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "त्या लाल चिंध्या तेवढ्या काढा. सणाचं लोक येणार, बरं दिसत नाही."

"त्या शोभेला बांधल्या नाहीत, साहेब."

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. तुम्ही आहातच की उभ्या."

मी पुष्कळ बोलले. तेही बोलले. शेवटी म्हणाले, इथं तुमचंच राज्य चालतं असं झालंय. झालं, माझं डोकं फिरलं. मी चारही चिंध्या माझ्या हातानं सोडल्या, त्यांच्या टेबलावर टाकल्या, चार खाटांवरच्या चादरी ओढून काढल्या आणि मागं दगडावर जाऊन बसले. बघू द्या म्हटलं यांचं यांना, माझ्याशिवाय कसं होतं ते.

मला मास्तरांच्या खाटेशी उभं राहता आलं असतं. एवढंच करायचं होतं. मी चादरी आपटत होते.

मला हॉलमधल्या प्रत्येकाचा खोकला ओळखता यायचा. मास्तरांचा ऐकू आला तेव्हा माझ्या हातात पिळलेली चादर होती. आधी एक ठसका, मग दुसरा. मग काहीच नाही. ते काहीच नाही ऐकून मी पळाले.

बागायतदार तांब्या हातात धरून उभे होते, चेहरा पांढराफटक. नव्या माठाचं पाणी, वाळा घातलेलं, सगळ्या हॉलभर वास. मास्तरांची टोपी खाली पडली होती आणि बनियन भिजलं होतं. चार जण त्यांच्या टाळूवर थापट्या मारत होते, आणि सगळे म्हणत होते, "वर बघा मास्तर, वर बघा." आणि मास्तर बिचारे बघत होते वर.

मी माणसं ढकलली, त्यांना पुढं वाकवलं, पाठीत दणके घातले. पाणी आलं, कफ आला, आणि मग श्वास आला, फाटल्यासारखा. बराच वेळ मी त्यांना तसंच धरून बसले. बागायतदार मला विचारत होते, "ताई, माझं काय चुकलं? त्यांनीच मागितलं. त्यांनीच तोंड उघडलं."

"तुमचं नाही चुकलं," मी म्हटलं. ते खरंच होतं. दुसऱ्याच्या बापाला पाणी पाजायला आलेला माणूस, त्याला काय सांगणार?

घसा मोकळा झाल्यावर मास्तर मला पहिलं वाक्य बोलले ते हे, "लई गोड पानी हुतं."

दुसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत ते घुर्रघुर्र आता नळी न लावताही ऐकू यायचं. जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. लेक पारनेरहून आली, मिळाली त्या एसटीनं, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. मला वाटत होतं, द्यावा. उलट म्हणाली, "ताई, आबा पत्रात लिहायचे तुमच्याबद्दल. लई कडक हाय म्हणायचे, पर घाटी बघितल्याशिवाय दुसरा घास देत न्हाई."

नाकातून नळी घातली होती. उशाशी पाटी, तोंडाने काही देऊ नये. सलाईन, इंजेक्शनं, सगळं चाललं होतं, आणि त्यातून काही होत नव्हतं. डॉक्टरीणबाई रोज येऊन छाती ऐकायची आणि रोज थोडी जास्त गप्प व्हायची.

चौथ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि ओंजळीचं सांगितलं. मास्तर काय म्हणाले, मान कशी खाली राहते, सगळं. माझी आई तेवढी गाळली.

ती विचार करत उभी राहिली. मग स्वतःच्या दोन हातांची ओंजळ करून तिनं त्यात तोंड घालून पाहिलं, तिथंच, व्हरांड्यात. म्हणाली, "चाललं असतं कदाचित. नक्की नाही सांगता येणार. त्यांचा गळा फार सुस्त होता." आणि मग म्हणाली, "मग देऊन का नाही पाहिलं, ताई?"

मी म्हटलं, "राहून गेलं."

एवढंच म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार होते? मला माझ्या आईचं भिजलेलं लुगडं त्या पोरीला दाखवता येत नव्हतं, आणि दाखवून मास्तरांच्या छातीतलं पाणी निघणार नव्हतं. आईचा अपमान खरा होता. मास्तरांची तहानही खरी होती. आणि मधे मी होते, नुसता एक हात लावायचा होता तर राग धरून बसलेली.

"आता देता येईल का?" मी विचारलं. "नुसते ओठ ओले करते."

"आता नको," ती म्हणाली. "थेंबसुद्धा नको. दोन-तीन दिवस बघू."

मी आत गेले. लेक चहा घ्यायला खाली गेली होती. मास्तरांना पाठीशी उशा लावून बसवलेलं होतं. टोपी नव्हती, लेकीनं केस विंचरून दिले होते. ओठांवर पापुद्रे आले होते. डोळे मिटलेले. मी स्टुलावर बसले तेव्हा त्यांनी ते उघडले आणि माझ्याकडं पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही. मग त्यांचा उजवा हात चादरीवरून हळूहळू वर आला, सुई टोचलेला, पट्टी लावलेला, आणि पोटासमोर थांबला. वाडग्यासारखा वाकवून. अर्धी ओंजळ.

टेबलावर लेकीचा पाण्यानं भरलेला तांब्या होता. पाटी होती. डॉक्टरीणबाईचा शब्द होता, आणि तो शब्द बरोबर होता हे मला कळत होतं.

मी माझा डावा हात त्यांच्या हाताला लावला. करंगळीला करंगळी. त्यांचा तळवा तापानं कढत होता. म्हटलं, "मास्तर, पाणी नाही देता येत. हात आहे फक्त."

त्यांनी काय ऐकलं कोण जाणे. त्यांची मान खाली आली, अगदी खाली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत, महिनाभर मी जिच्यासाठी त्यांच्यावर ओरडत होते तशी. मी हात थोडे वर उचलले. ओंजळीत काही नव्हतं. मास्तरांनी तोंड घातलं आणि ते प्यायला लागले, आणि गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली. मी सवयीनं पुढच्या घोटाची वाट बघत राहिले. त्यांचे ओठ माझ्या तळव्याला लागलेले होते, आणि कोरडे होते.